गनमनची नोकरी आणि शस्त्र परवाना: अर्ज करण्याआधी समजून घ्यायच्या गोष्टी

बँकेच्या दाराशी दुनाळी घेऊन बसलेला रक्षक, एटीएममध्ये रोकड भरणाऱ्या गाडीतला रक्षक आणि एखाद्या व्यावसायिकाच्या मागे कमरेला रिव्हॉल्व्हर लावून चालणारा अंगरक्षक, या तिघांनाही आपण ‘गनमन’ म्हणतो. पण तिघांचे परवाने मागितले तर तीन वेगळे कागद समोर येऊ शकतात. पहिल्याची बंदूक बँकेच्या परवान्यावर असेल आणि त्यात त्याचे नाव नोंदलेले असेल. दुसऱ्याकडे स्वतःच्या नावाचा परवाना असेल. तिसऱ्याच्या कमरेचे शस्त्र कदाचित साहेबांच्या नावावर असेल, आणि तसे असेल तर तो माणूस रोज गुन्हा करत फिरतो आहे. बहुतेक वेळा त्याला हे कुणी सांगितलेलेच नसते.

म्हणून परवान्यासाठी धावाधाव करण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे मिळवा. परवाना कुणाच्या नावाने निघणार? आणि त्यावर शस्त्राचा उद्देश काय लिहिला जाणार? एजन्सी, बँक, पगार हे सगळे त्यानंतरचे. पुढे काही वाईट घडले तर पोलीस आणि न्यायालय हाच कागद आधी उघडतात.

अमेरिकेत ‘कॅरी परमिट’ म्हणून वेगळा कागद असतो. आपल्याकडे तसा नाही. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांच्याखाली एकच परवाना मिळतो आणि त्यातच शस्त्र घेणे, बाळगणे, सोबत नेणे हे सगळे येते. तो कोणत्या शस्त्रासाठी, किती काडतुसांसाठी, कोणत्या क्षेत्रापुरता आणि कशासाठी, हे सगळे परवान्यावरच लिहिलेले असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली. आधी ती तीन होती. एका माणसाला जास्तीत जास्त तीन शस्त्रे ठेवता येत, ती संख्या दोनवर आली.

परवान्याचे दोन रस्ते

पहिला रस्ता संस्थेच्या नावाने. बँक, पतसंस्था किंवा कंपनी स्वतःच्या नावाने परवाना काढते, शस्त्र संस्थेच्या मालकीचे असते आणि ते हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांची नावे त्यावर ‘रिटेनर’ म्हणून नोंदवली जातात. नोकरी करणाऱ्यासाठी हा रस्ता सर्वांत सुरक्षित. शस्त्राचा खर्च संस्थेचा, नूतनीकरणाची जबाबदारी संस्थेची, आणि ड्युटी संपली की बंदूक संस्थेच्या तिजोरीत. तरीही एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघा: रिटेनर म्हणून तुमचे नाव परवान्यावर खरोखर चढले आहे का? रक्षक बदलतात, पण परवान्यावरची नावे बदलायला परवाना प्राधिकाऱ्याकडे जावे लागते, आणि हे काम वर्षानुवर्षे राहून जाते. नाव चढलेले नसताना ती बंदूक हातात घेऊन उभे राहणे म्हणजे विनापरवाना शस्त्र बाळगणे.

दुसरा रस्ता स्वतःच्या नावाचा. खासगी एजन्सीच्या जाहिरातीत ‘गनमन पाहिजे, स्वतःचे लायसन्स व बंदूक आवश्यक’ असे लिहिलेले असते ते हेच. इथे सगळी मेख उद्देशाच्या रकान्यात आहे. आपल्या शेतीच्या किंवा जिवाच्या संरक्षणासाठी म्हणून मिळालेला परवाना घेऊन दुसऱ्याच्या पैशांची राखण करायला उभे राहिलात, तर तो अटीचा भंग ठरू शकतो. शस्त्र अधिनियमाचे कलम ३० त्यासाठीच आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिक्षा लहान वाटते, पण कलम १७ खाली परवाना निलंबित किंवा रद्द होण्याची वाट इथूनच सुरू होते. कामधंद्याच्या स्वरूपामुळे संरक्षणाची खरी गरज असलेल्या माणसाचा विचार करायला नियमांत जागा आहे. तेव्हा अर्जातच ‘सशस्त्र सुरक्षारक्षक म्हणून नोकरी’ हा उद्देश लिहा आणि नियुक्तीपत्र जोडा. नोकरी दडवून ‘आत्मसंरक्षण’ लिहिल्याने फाइल लवकर सरकते, असे सांगणारे पुष्कळ भेटतील. माहिती दडवून मिळवलेला परवाना रद्द करता येतो, असे कायद्यातच लिहिले आहे.

तिसरा रस्ता नाही. साहेबांच्या परवान्यावरचे रिव्हॉल्व्हर अंगरक्षकाने कमरेला लावायचे, दिवसपाळीच्या रक्षकाने आपली बंदूक रातपाळीच्या रक्षकाकडे सोपवून घरी जायचे, हे प्रकार सर्रास चालतात. कायद्याने परवानाधारकाव्यतिरिक्त दुसऱ्याला शस्त्र नेण्याची मुभा फार थोड्या प्रसंगी दिली आहे: परवानाधारकासमोर किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्राने, आणि तेही दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा त्या धारकानेच वापरण्यासाठी. बारा तासांची पाळी यात कुठेच बसत नाही. विनापरवाना शस्त्र बाळगल्याबद्दल कलम २५ खाली २०१९ नंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद आहे.

बारा बोअर की रिव्हॉल्व्हर?

रिव्हॉल्व्हर हलके, कमरेला बसणारे आणि रुबाबदार, म्हणून पहिला अर्ज त्याचाच करावा असे बहुतेकांना वाटते. कायद्याने मात्र दोन्हींना सारखे मानलेले नाही. कलम १३ मध्ये फरक केला आहे. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी भारतीय नागरिकाने किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर, मागितली आणि नाकारण्याचे कारण नसेल, तर परवाना द्यायचा असतो. रिव्हॉल्व्हर, पिस्तूल किंवा रायफल मागितली तर ‘सबळ कारण आहे’ असे प्राधिकाऱ्याचे समाधान आधी व्हावे लागते. म्हणजे पटवून देण्याचे ओझे तुमच्यावर येते. बँकेच्या दारातल्या किंवा रोकड गाडीवरच्या कामाला रिव्हॉल्व्हरच का हवे, याला बहुतेकदा चांगले उत्तर नसते. तिथे दुनाळी किंवा पंप ॲक्शन बंदूक दिसताक्षणी वचक बसवते आणि कामालाही तीच योग्य. एखाद्या व्यक्तीच्या सोबत गर्दीतून, लिफ्टमधून, गाडीतून वावरायचे असेल तर मात्र लांब बंदूक अडचणीची ठरते. रिव्हॉल्व्हरचे खरे कारण ते आहे आणि अर्जात तेच लिहावे.

हँडगनमध्येही सगळे बोअर, म्हणजे नळीची मापे, नागरिकांसाठी खुले नाहीत. सैन्य आणि पोलीस वापरतात ते ९ मिमीचे काडतूस ज्या पिस्तुलात बसते ते प्रतिबंधित बोअर. .३८० आणि .४५५ च्या रिव्हॉल्व्हरचेही तसेच. म्हणून नागरी बाजारात .३२ बोअरचे शस्त्र सर्वाधिक दिसते. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे सहा गोळ्यांचे .३२ रिव्हॉल्व्हर हे त्यातले नेहमीचे. काडतुसाच्या बुडाशी ‘केएफ’ असा ठसा दिसला तर ते आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचे समजावे. किरकी या जुन्या इंग्रजी नावातून ती अक्षरे आली.

अर्ज कुठे आणि कसा

मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, नागपूर, सोलापूर अशा आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर परवाना प्राधिकारी पोलीस आयुक्त. बाकी ठिकाणी जिल्हाधिकारी, जिल्हादंडाधिकारी या नात्याने. तिथे फाइल बहुधा गृह शाखेत असते. हद्द बहुधा तुमच्या राहत्या पत्त्यावरून ठरते. अर्ज केंद्राच्या एनडीएएल-एएलआयएस या संगणक प्रणालीत नोंदवला जातो आणि परवान्याला एक युनिक क्रमांक, यूआयएन, मिळतो. हा क्रमांक नसलेला जुना कागद कुणी दाखवला तर त्याला परवाना समजू नका.

अर्जदाराने वयाची २१ वर्षे पूर्ण केलेली असावीत. खासगी सुरक्षा अभिकरण अधिनियम २००५ प्रमाणे साधा रक्षक १८ व्या वर्षी होता येते, त्यामुळे इथे पुष्कळांची गफलत होते. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे चार फोटो, जन्मतारखेचा पुरावा, आधार किंवा दुसरे ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा ही नेहमीची कागदपत्रे. त्याखेरीज तीन कागदांमुळे फाइल हमखास अडते.

पहिला म्हणजे शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र. सुरक्षित हाताळणी, सोबत नेण्याची पद्धत, गोळीबाराचे तंत्र, देखभाल, साठवण आणि वाहतूक एवढे त्यात शिकवलेले असायला हवे. कोणाचे प्रमाणपत्र चालते हे आधी परवाना शाखेत विचारा, मगच पैसे भरा. रक्षकांच्या प्रशिक्षण केंद्राचे प्रमाणपत्र वेगळे आणि हे वेगळे. दुसरा कागद वैद्यकीय: शारीरिक आणि मानसिक प्रकृती ठीक आहे, दारू किंवा अमली पदार्थांचे व्यसन नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे. ‘फिट’ एवढा एक शब्द आणि शिक्का असलेली चिठ्ठी परत येते. तिसरा म्हणजे शस्त्र सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र. भाड्याच्या एका खोलीत चौघे राहणाऱ्या माणसाने कुलपाच्या लोखंडी कपाटाची हमी दिली आणि पडताळणीला आलेल्या हवालदाराला कपाट दिसलेच नाही, तर अहवाल काय जाईल हे सांगायला नको. कपाट आधी घ्या, भिंतीला बोल्टने पक्के बसवा आणि काडतुसांसाठी वेगळ्या कुलपाचा कप्पा ठेवा.

माजी सैनिकांनी सेवामुक्ती पुस्तिका, पेन्शनचे कागद आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे ओळखपत्र जोडावे. पण सैन्यात शस्त्र हाताळले म्हणून परवाना आपोआप मिळत नाही. पडताळणी त्यांचीही होते.

एक कोडे मात्र जवळपास प्रत्येकापुढे येते. एजन्सी म्हणते, लायसन्स आणा मग नोकरी. परवाना शाखा म्हणते, नोकरीचा कागद आणा मग बघू. यावर उपाय म्हणजे एजन्सीकडून सशर्त नियुक्तीपत्र घेणे. त्यात हुद्दा, कामाचे ठिकाण, कोणत्या प्रकारचे शस्त्र लागणार आणि एजन्सीचा स्वतःचा परवाना क्रमांक या चार गोष्टी असाव्यात. २००५ च्या कायद्याखाली परवाना नसलेल्या एजन्सीचे पत्र जोडलेत तर अर्जाला फायदा होण्याऐवजी शंका येते. अशी एजन्सी चालवणे हाच गुन्हा आहे.

पोलीस पडताळणी: फाइल जिथे थांबते

अर्ज जवळच्या पोलीस ठाण्याकडे अहवालासाठी जातो. २०१६ च्या नियमांत त्यासाठी ३० दिवस दिले आहेत. अहवाल वेळेत आला नाही तर प्राधिकाऱ्याला योग्य वाटल्यास त्यावाचून निर्णय घेता येतो, असेही कलम १३ सांगते. प्रत्यक्षात असा निर्णय विरळा. तेव्हा महिना उलटल्यावर परवाना शाखेत जाऊन अहवाल आला का ते विचारावे, आणि आला नसेल तर लेखी स्मरणपत्र देऊन पोच घ्यावी.

ठाण्यात काय बघतात? गुन्हे नोंद, शेजाऱ्यांचे म्हणणे, घरातले वातावरण, दारूची सवय, भावकीतला जमिनीचा वाद. ही सगळी कारणे कायद्यात एकेक करून लिहिलेली नाहीत, पण ‘सार्वजनिक शांतता व सुरक्षितता’ या शब्दांत ती बसतात. गावाकडचा बांधाचा वाद आणि त्यात दोन्ही बाजूंनी झालेल्या एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रारी, यामुळे किती तरी अर्ज नाकारले जातात. आपल्यावर काय नोंद आहे ते अर्ज करण्याआधीच चारित्र्य पडताळणी काढून बघावे.

‘चॅप्टर’ची गोष्ट वेगळी सांगायला हवी. जुन्या फौजदारी संहितेचे कलम १०७ किंवा ११०, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १२६ आणि १२९, यांखाली शांततेचे किंवा चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र देण्याचा आदेश झाला असेल, तर त्या बंधपत्राची मुदत चालू असेपर्यंत शस्त्र बाळगायलाच बंदी आहे. नुसती नोटीस येणे आणि आदेश होऊन बॉन्ड घेणे यांत फरक आहे. गणपतीच्या आधी मंडळाच्या कार्यकर्त्यांना नोटिसा जातात, कार्यकर्ते त्या विसरून जातात. अर्ज करताना त्या प्रकरणाचे पुढे काय झाले, याचा कागद हाताशी हवा. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झाली असेल तर ती संपल्यानंतरही पाच वर्षे थांबावे लागते.

नोंद असेल तर ती अर्जात लिहा. निर्दोष सुटल्याचा निकाल जोडा. लपवलेली जुनी केस सापडली की अर्ज फेटाळला जातो तो त्या केसपेक्षा लपवण्यामुळे.

नकार आला तर कारणे लेखी नोंदवावी लागतात. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही, हेही कायद्यात स्पष्ट आहे. भाड्याने राहणाऱ्या रक्षकाने हे ध्यानात ठेवावे. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे अपील होते, पोलीस आयुक्तांच्या आदेशावर राज्य शासनाच्या गृह विभागाकडे. अपिलाला मुदत असते, म्हणून आदेश हातात पडल्या दिवशीच तारखेची नोंद करा. ‘पोलीस अहवाल प्रतिकूल’ एवढेच लिहिले असेल तर माहितीच्या अधिकारात त्या अहवालाची प्रत मागावी आणि अपिलात मुद्द्याला मुद्दा द्यावा.

शस्त्र घेताना

परवाना हातात आला की आधी त्यावरचा प्रत्येक रकाना वाचा: शस्त्राचा प्रकार, बोअर, एका वेळी बाळगायची आणि वर्षात विकत घ्यायची काडतुसे, क्षेत्र, शस्त्र घेण्याची मुदत. खरेदी अधिकृत विक्रेत्याकडूनच होते. बिलावरचा शस्त्राचा क्रमांक, शस्त्रावर कोरलेला क्रमांक आणि परवान्यात चढलेला क्रमांक हे तिन्ही एकेक अंक बोट ठेवून तपासा. एक अंक चुकला तर पुढच्या नाकाबंदीत ते शस्त्र तुमचे नाही असे ठरते. त्यानंतर शस्त्र तपासणीसाठी हजर करून नोंद करून घ्यायची असते.

जुनी दुनाळी घेत असाल तर नळीच्या बुडाचा चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती जागा, किती लांबीचा आहे ते विचारा. कित्येक जुन्या विलायती बंदुकांचा चेंबर अडीच इंचाचा, म्हणजे ६५ मिमीचा असतो. आजचे ७० मिमीचे काडतूस त्यात आत जाते, म्हणून बसले असे वाटते. पण उडाल्यावर त्याची दुमडलेली कड उलगडायला जागा राहत नाही आणि नळीतला दाब वाढतो. चांगला बंदूक कारागीर पाच मिनिटांत मापून सांगतो.

ड्युटीवर

बंदुकीचे अपघात गोळीबारापेक्षा रिकाम्या वेळात अधिक होतात. खुर्चीला टेकवून ठेवलेली दुनाळी घसरते, फरशीवर आपटते आणि उडते. ‘सेफ्टी लावली होती’ असे रक्षक सांगतो आणि ते खरेही असते. बहुतेक दुनाळींची सेफ्टी फक्त घोडा, म्हणजे ट्रिगर, अडवते. आतला ताणलेला हातोडा मोकळाच राहतो आणि मोठ्या धक्क्याने सुटू शकतो. म्हणून बंदूक टेकवून ठेवायची नाही. ती हातात, पट्ट्यात किंवा रॅकमध्ये असावी.

पाळी सुरू होताना बंदूक घेतली की नळी वाळूच्या पेटीकडे किंवा ठरवलेल्या सुरक्षित दिशेला, बोट घोड्याबाहेर. दुनाळी मोडा, म्हणजे नळ्या खाली झुकवून उघडा, दोन्ही चेंबर बघा, अंधार असेल तर बोट घालून बघा, नळीतून उजेड दिसतो का ते बघा. कुंभारमाशी नळीत मातीचे घर करते, सफाईचे फडके अडकून राहते. अशा नळीत काडतूस उडाले तर नळी फुगते किंवा फाटते. रिव्हॉल्व्हर उघडून सिलिंडरचे सहाही खाने मोजा. काडतुसे मोजून वहीत लिहा आणि देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांनी सही करा. पाच मिनिटांचे काम आहे.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात काडतुसांचे पितळ हिरवट पडते. तशी काडतुसे बाजूला काढून विक्रेत्याला दाखवावीत. तेल लावून पुसणे तर मुळीच नको, तेल आत झिरपून बुडाची टिकली (प्रायमर) निकामी होते. पट्ट्याच्या चामड्यातही वर्षभर ठेवू नयेत. तिथेच हिरवे सर्वांत आधी धरते. उडवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या फेकू नका, हिशेब मागितला गेला की त्या कामी येतात.

सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर नीट बसणाऱ्या होल्स्टरमध्येच हवे आणि लांब बंदूक तिच्या आवरणात. पँटच्या कमरपट्ट्यात खोचलेले पिस्तूल हा नियमभंग. हवेत उडवून दाखवणे, लग्नात ‘सलामी’ देणे यासाठी २०१९ पासून वेगळी शिक्षा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. जत्रा, मिरवणूक, शाळा-महाविद्यालयाच्या आवारात खास परवानगीवाचून शस्त्र नेता येत नाही. साहेबांची मुले शाळेत सोडायला जाणाऱ्या अंगरक्षकाने फाटकाबाहेर थांबावे.

मूळ परवाना सोबत ठेवा. पोलिसांनी मागितला आणि दाखवता आला नाही तर शस्त्र जप्त होऊ शकते. क्षेत्राचेही तसेच. परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर कोल्हापूरहून बेळगावला किंवा सावंतवाडीहून पेडण्याला जाणारी गाडी हद्द ओलांडते त्या क्षणी तुम्ही विनापरवाना होता. याचीच दुसरी बाजू परराज्यांतून इथे येणाऱ्या रक्षकांची. तिकडचा परवाना इथे चालतो का, हे त्यावरच्या क्षेत्रावरून ठरते. शस्त्रासह राहण्याचे ठिकाण ३० दिवसांपेक्षा जास्त काळासाठी बदलले तर जुन्या आणि नव्या, दोन्ही ठिकाणच्या परवाना प्राधिकाऱ्यांना कळवावे लागते. बनावट परवान्यांवर काम करणारे परराज्यांतले गनमन महाराष्ट्रात पकडले गेले आहेत. त्यामुळे नवीन हद्दीत कामाला लागताना स्थानिक ठाण्यात आधी नोंद करणे खऱ्या परवानाधारकाच्याच हिताचे आहे.

रोकड गाडीवर काम असेल तर २०१८ चे केंद्राचे नियम वाचून ठेवा. प्रत्येक गाडीत चालक, दोन सशस्त्र रक्षक आणि रोकड हाताळणारे दोघे हवेत. एक रक्षक पुढे चालकाजवळ, दुसरा मागे. चहाला, जेवणाला, लघवीला थांबले तरी एक सशस्त्र रक्षक गाडीजवळच राहिला पाहिजे. एका फेरीत पाच कोटींहून अधिक रोकड नाही. शहरात रात्री ९ नंतर, ग्रामीण भागात संध्याकाळी ६ नंतर आणि नक्षलग्रस्त जिल्ह्यांत दुपारी ४ नंतर एटीएममध्ये रोकड भरायची नाही. एजन्सी एकाच बंदूकवाल्यावर गाडी पाठवत असेल तर ते लेखी कळवा.

निवडणूक जाहीर झाली की शस्त्रे जमा करण्याच्या नोटिसा निघतात. सरसकट सगळ्यांनी जमा करायचे असे नसते. जिल्ह्यात आणि आयुक्तालयात छाननी समिती कोणाचे शस्त्र जमा करायचे ते ठरवते. जामिनावर असलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले, आधी दंगलीत सामील झालेले यांच्याकडे मुख्य लक्ष असते. नोटीस आली तर बँकेचे किंवा एजन्सीचे ड्युटीपत्र जोडून लगेच सूट मागा. ती मिळाली नाही तर शस्त्र जमा करा आणि क्रमांक व काडतुसांची संख्या लिहिलेली पावती घ्या.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान दोन महिने आधी द्या आणि पोच जपून ठेवा. मुदत संपून अर्जच केलेला नसेल तर शस्त्र ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करावे लागते. ते घरात ठेवणे हाच गुन्हा होतो.

गोळी कधी झाडता येते

रक्षकाला पोलिसांसारखे वेगळे अधिकार नाहीत. त्याच्याकडे आहे तो कोणत्याही नागरिकाचा खासगी बचावाचा हक्क. तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे आणि दुसऱ्याच्या शरीराच्या व मालमत्तेच्या रक्षणासाठीही वापरता येतो. त्याला मर्यादा अशी की बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती, जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घरफोडी अशा मोजक्या प्रसंगी हा हक्क समोरच्याचा मृत्यू घडवण्यापर्यंत पोहोचतो.

सर्वांत मोठी चूक पळणाऱ्याच्या पाठीवर होते. जबरी चोरीत हा हक्क कलम ४३ प्रमाणे चोर मारहाण करत आहे, अडवून ठेवत आहे किंवा तात्काळ मृत्यूची वा दुखापतीची भीती आहे तोवरच टिकतो. बॅग घेऊन तो रस्त्याच्या पलीकडे गेला, हातात शस्त्र दिसत नाही, वळून बघत नाही. आता झाडलेली गोळी बचावाची राहत नाही. बॅगेत कितीही रक्कम असली तरी. त्यात रस्त्यावर बारा बोअरचे छर्रे पसरतात, आणि पानटपरीवर उभ्या असलेल्या माणसाला लागलेला छर्रा रक्षकाच्याच नावावर जातो.

गोळी झाडली गेलीच तर शस्त्र सुरक्षित करून आहे त्या स्थितीत ठेवा, पुंगळ्यांना हात लावू नका, ११२ ला फोन करा, जखमीला मदत मिळवून द्या. पंचनाम्यात शस्त्र मुद्देमाल म्हणून जप्त होते आणि न्यायसहायक प्रयोगशाळेत तपासणीला जाते. ते परत मिळायला न्यायालयाचा आदेश लागतो. तोवर परवानाही निलंबित असू शकतो, म्हणजे शस्त्र तुमचे, नोकरी त्या शस्त्रावर, आणि दोन्ही बंद. म्हणून स्वतःच्या बंदुकीवर कामाला लागताना नियुक्तीपत्रात तीन वाक्ये लिहून घ्या: ड्युटीवरील घटनेत वकिलाचा खर्च एजन्सीचा, शस्त्र जप्त असेपर्यंत बिनशस्त्र कामावर ठेवून पगार चालू, आणि रक्षकाचा अपघात विमा. ही वाक्ये घालायला एजन्सी तयार नसेल तर तिथे बंदूक घेऊन उभे राहू नका.